'ढ' हा शब्द त्याला आधीच माहितीये

मनमोकळं : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात डिस्लेक्सियावर (डोकं चांगलं असूनही वाचणं-लिहिणं अडतं ते) जाता जाता चार ओळी लिहिल्या आणि पत्रं, मेल, व्हॉइस मेसेज असं सगळं येऊन पडलं. बहुतेकांना टेस्ट कुठे होते आणि परीक्षेत सवलत कशी मिळते तेच विचारायचंय, ते मधेमधे सांगतेच, पण या वेळी मुद्दाम अशी पत्रं निवडलीत ज्यात मार्कांच्या खाली काहीतरी दुसरंच दुखतंय. आणि सगळी तेरा ते सोळा वयाच्या पोरांबद्दलची. लहान असताना पोरगं भोकाड पसरून मोकळं होतं, या वयात ते रडत नाही, लपवतं, आणि लपवण्यात एवढं तरबेज होतं की घरच्यांना दिसतो तो फक्त आळस नाहीतर उद्धटपणा.

प्रश्न : ताई, माझा मुलगा नववीत आहे, सेमी इंग्लिश. वाचायला पहिल्यापासून त्रास, आम्ही आळशी म्हणून सोडून दिलं. मागच्या वर्षी शाळेतल्या एका बाईंनी सुचवलं म्हणून तपासणी केली तर डिस्लेक्सिया निघाला. मिस्टर म्हणाले त्याला सांगायचं नाही, डोक्यात घेऊन बसेल आणि अभ्यासच सोडून देईल. म्हणून त्याला डोळ्यांची तपासणी होती असं सांगितलंय. आता दर सोमवारी पोट दुखतं, डॉक्टर म्हणतात काही नाही. चिडचिड तर विचारूच नका. परवा दप्तरात दुसऱ्याच अक्षरातली वही सापडली. खोदून विचारल्यावर कळलं, हा एका मित्राला विज्ञानाच्या आकृत्या काढून देतो आणि तो मित्र ह्याची वही लिहून देतो. मी खूप ओरडले, तर म्हणाला, मी ढ आहे ना, मग कशाला घालता शाळेत. तेव्हापासून मला झोप नाही. त्याला सांगू का? सांगायचं तर कसं? — एक आई, सांगली जिल्हा

सांगा. आणि मुहूर्त बघत बसू नका, याच आठवड्यात सांगा.

मिस्टरांची भीती मला कळते, नाव कळलं की पोरगं त्या नावाच्या मागे लपेल असं त्यांना वाटतंय. पण बघा ना, त्याच्याकडे नाव आधीच आहे. ते त्याने कुठल्या रिपोर्टात वाचलेलं नाही, तिसरी-चौथीपासून बाकावर बसून गोळा केलंय. आपल्याला वाचता येत नाही, शेजारचा मठ्ठ वाटणारा पोरगाही घडाघडा वाचतो, म्हणजे आपल्यात काहीतरी कमी आहे, एवढा हिशोब आठ वर्षांचं मूलही करतं. तुम्ही त्याला नवीन काही सांगणार नाही आहात, फक्त 'ढ'च्या जागी खरं नाव देणार आहात.

कसं सांगायचं? समोरासमोर बसवून 'आम्हाला तुझ्याशी बोलायचंय' असं अजिबात नको, चौदा वर्षांच्या मुलाला ते वाक्य ऐकलं की पळून जावंसं वाटतं. गाडीवर मागे बसला असेल तेव्हा, किंवा दोघं मिळून मटार सोलताय तेव्हा, म्हणजे डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नसेल अशा वेळी. आणि सुरुवात माफीने करा. 'मागच्या वर्षी तपासणी केली ना, ती डोळ्यांची नव्हती. आम्ही खोटं बोललो, चुकलं आमचं.' हे तुम्हाला जड जाईल पण टाळू नका, कारण तो आत्ता सगळ्यांनाच खोटं समजतोय, स्वतःलासुद्धा.

मग सोप्या शब्दात सांगा की डोळे चांगले आहेत, डोकंही चांगलं आहे, ऐकलेला आवाज आणि कागदावरचं अक्षर यांची जोडणी त्याच्या मेंदूत सावकाश होते, इतरांची आपोआप होते ती ह्याला दर वेळी हाताने करावी लागते. आपल्या देवनागरीत तर गमतीच आहेत, पहिली वेलांटी लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, 'सूर्य'मधला रफार बसतो य च्या डोक्यावर पण बोलायचा य च्या आधी, आणि 'कर्म' नि 'क्रम' यांच्यात फरक काय तर र कुठे चिकटला एवढाच. तरी मराठीत जसं लिहितो तसंच बरंचसं बोलतो, त्यामुळे अशी मुलं मराठी बरोबर वाचतात पण रखडत वाचतात, आणि इंग्रजी आलं की पार गाळात जातात कारण तिथे लिहिणं एक नि बोलणं भलतंच. तुमचा सेमीवाला आहे म्हणजे विज्ञान नि गणित इंग्रजीतून, म्हणजे ज्या विषयात तो चांगला निघाला असता नेमका तोच त्याला इंग्रजीच्या भिंतीआड दिलाय. हे त्याला सांगा, त्याला एकदम पटेल.

एक गोष्ट त्याला जरूर सांगा, माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी सांगते. १८९६ साली इंग्लंडमधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका मुलाबद्दल लिहिलं, पर्सी नाव, वय १४, म्हणजे तुमच्या मुलाएवढाच. अंकगणित आवडायचं, त्यात अडचण नाही, पण स्वतःचं नाव लिहिताना अक्षरांची अदलाबदल करून 'प्रेसी' लिहायचा. आणि त्याला काही वर्षं शिकवलेल्या मास्तरांचं मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय की सगळं शिकवणं तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. हे ऐकल्यावर पोरं जरा वेळ गप्प बसतात आणि मग हमखास विचारतात, त्याचं पुढे काय झालं? मला ठाऊक नाही म्हणते. पण आपल्यासारखा कुणीतरी एवढा जुना आहे याचंच त्यांना बरं वाटतं.

तो विचारेल, हे बरं होतं का? इथे थाप मारू नका. जात नाही, आयुष्यभर राहतं, पण नीट पद्धतीने शिकवलं तर वाचन बरंच सुधारतं आणि बाकीच्या अडचणींतून वाटा निघतात. अजून एक, हे कुणाला कळावं ते त्याने ठरवायचं. मामा, मावशी, शेजारच्या काकू, फॅमिली ग्रुप, कुठेही त्याला न विचारता सांगू नका. शाळेतही कुठल्या सरांना सांगायचं ते त्याच्याशी बोलून ठरवा.

आता पोट. ते खोटं नाहीये, 'काही नाही' म्हणजे रिपोर्टात काही नाही. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येणं हे भीतीचं अगदी नेहमीचं रूप आहे आणि ते खरंखुरं दुखतं. सोमवारी कुठला तास असतो ते विचारा. माझा अंदाज, कुठेतरी मोठ्याने वाचायला लावतात. रांगेने एकेक परिच्छेद, आणि हा बिचारा पाच बाक आधीपासून मोजत बसतो की माझ्या वाट्याला कुठला येणार. सरांना एवढंच सांगून बघा की ह्याला अचानक उठवू नका, वाचायला द्यायचंच असेल तर आदल्या दिवशी परिच्छेद सांगून ठेवा. बऱ्याच ठिकाणी अर्धी पोटदुखी तिथेच थांबते.

आणि वहीचं. मला तर तो सौदा वाचून हसू आलं, चौदाव्या वर्षी आपली कला काय भावाने विकायची हे त्याला कळतंय! ओरडायचं होतं ते ओरडून झालं, आता त्याला म्हणा आकृत्या खरंच छान काढतोस. वाईट एवढंच की ही सगळी अक्कल लपवण्यात खर्च होतेय. सरांशी बोलून मित्राच्या वहीची झेरॉक्स चालवून घ्या, मग लपवायला काही उरणार नाही.

संध्याकाळ पूर्ण क्लासने भरू नका हं. रेमेडियल शिकवणी (वाचन-लेखनासाठी खास पद्धतीची) आठवड्यातून दोन-तीनदा जरूर, पण तो खेळत असेल, चित्रं काढत असेल, ढोल-ताशा पथकात जात असेल तर 'आधी मार्क मग ढोल' असं करू नका, त्याला दिवसभरात कुणीतरी शाबास म्हणतं ती बहुधा तेवढी एकच जागा असेल.

जरा नाजूक बोलते. डिस्लेक्सिया बऱ्याचदा घराण्यात असतो. माझा धाकटा मामा बँकेत फॉर्म भरायची वेळ आली की चष्मा घरी राहिला म्हणायचा, आम्हाला वाटायचं विसराळू आहे, तो गेल्यावर मामीने सांगितलं की त्याला चष्मा नव्हताच. तुमच्या मिस्टरांबद्दल मी काही म्हणत नाही, पण 'त्याला सांगू नका' हे कधी कधी स्वतः शाळेत खूप सोसलेल्या माणसाच्या तोंडून येतं. विचारून बघा, रागाने नको. बाप जर म्हणाला की अरे माझंही असंच व्हायचं, तर त्यापुढे माझं हे एवढं लांबलचक उत्तर काहीच नाही.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. 'मी ढ आहे' आणि 'मी नसतो तर बरं झालं असतं' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. दुसरं ऐकलंत, किंवा तो आवडीच्या वस्तू वाटून टाकायला लागला, मित्र तोडले, जेवण-झोप पार बिघडली, तर त्याला सरळ विचारा की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने असला विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, आणि डॉक्टरांकडे न्या. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक त्रासात मदत करणारा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात, दिवसरात्र चालू असतो. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहेच.

प्रश्न : हाय ताई, मी दहावीत आहे, मराठी मीडियम. मला सातवीपासून डिस्लेक्सिया आहे हे माहीत आहे. बोर्डाला मला जास्त वेळ आणि रायटर मिळणार आहे. पण मैत्रिणी म्हणतात तुझं काय बाई, आम्ही मरमर करायची आणि तुला सगळं फुकट. एक तर म्हणाली ही लीगल कॉपी आहे. आणि रायटर म्हणे नववीतली मुलगी असणार, मला लाज वाटते. सवलत घेतलीच नाही तर? हे मी बोलून टाईप केलंय, चुका असतील तर सॉरी. — नाशिक

आधी ते सॉरी परत घे बघू. बोलून टाईप केलंस ते एकदम मस्त केलंस, मीसुद्धा या कॉलममधलं अर्धं तसंच करते.

'लीगल कॉपी' हे ऐकून मलाच राग आला, पण तुझ्या मैत्रिणींना खरंच माहीत नसेल गं. त्यांना दिसतं ते तीन तासांच्या पेपरचे तुझे चार तास. ताशी २० मिनिटं जादा असा तो नियम आहे. त्यांना हे नाही दिसत की प्रश्न पहिल्यांदा वाचून कळायलाच तुझा किती वेळ जातो, एसटी स्टँडवर सगळे जण पाटीवर नजर टाकून गाडीत चढतात आणि तू 'सिन्नर' की 'संगमनेर' हे लावेपर्यंत गाडी हललेली असते, तसं. वेळ जास्त मिळाला म्हणून न वाचलेला धडा येत नाही. आणि ही कुणी तुझ्यावर दया केलेली नाहीये, महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत अशा मुलांना सवलती १९९६ पासून आहेत, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर ज्या २१ प्रकारच्या अडचणी धरल्यात त्यात हीसुद्धा आहे. (कायद्यातलं मराठी नाव 'विशिष्ट अध्ययन अक्षमता'. पोरीच्या हातात असला शब्द छापलेला कागद द्यायचा आणि वर आत्मविश्वास ठेव म्हणायचं, कमाल आहे. ते नाव फाईलमध्ये राहू दे, तू डिस्लेक्सियाच म्हण.)

मैत्रिणींना लेक्चर देऊ नकोस, उपयोग नाही. एक वाक्य तयार ठेव, म्हणजे ऐन वेळी घसा दाटून येत नाही. 'उत्तर माझंच असतं, हात फक्त तिचा.' एवढंच बोलायचं आणि विषय बदलायचा. ज्या खरंच मैत्रिणी आहेत त्यातली एखादी नंतर एकटी येऊन विचारेल, तिला सांग सगळं.

आता नववीतली मुलगी. रायटर खालच्या वर्गातली का घेतात, तर तिला दहावीची उत्तरं येऊ नयेत म्हणून. म्हणजे तो नियमच सांगतो की डोकं तुझं चालणार आहे, तुझ्या मैत्रिणीला हेच सांग. पण खरं सांगू का, लाजेपेक्षा मला दुसरी काळजी आहे. सांगून लिहून घेणं ही वेगळीच कला आहे आणि ती पहिल्यांदा बोर्डाच्या पेपरला करायला गेलीस तर गोंधळ उडेल. तू भराभर बोलणार, ती मागे राहणार, तू मधेच थांबून कुठे होते ते विसरणार. त्यामुळे आत्तापासून कुणाला तरी बसवून, चुलत बहीण चालेल, निदान पाच-सहा पूर्ण पेपर तसे सोडव. आधी सांगायचं कितवा प्रश्न, मग मुद्दे, मग वाक्य, आणि एकेक परिच्छेद झाला की तिला वाचून दाखवायला सांगायचं. आकृत्या कोण काढणार, गणिताच्या पायऱ्या कोण लिहिणार हे शाळेकडून आधीच पक्कं करून घे.

आणि हो, सगळं घेतलंच पाहिजे असं नाही. कुणी फक्त वेळ घेतं आणि स्वतः लिहितं, शुद्धलेखनाच्या चुकांसाठी मार्क कापत नाहीत तेवढ्यावर काहींचं भागतं. सराव पेपरला दोन्ही करून बघ आणि ज्यात कमी दमतेस ते घे. फक्त कोण काय म्हणेल म्हणून सोडू नकोस. आईला म्हणावं सर्टिफिकेटची मुदत नि फॉर्म आत्ताच शाळेत विचारून घ्या, वयाच्या टप्प्यांवर तपासणी पुन्हा करावी लागते आणि ऐन जानेवारीत धावपळ झाली की अभ्यास राहतो बाजूला.

क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुझ्या स्पेलिंगचे स्क्रीनशॉट फिरवतात असंही तू पुढे लिहिलंयस. ते मैत्रिणींच्या अज्ञानात बसत नाही, तो त्रास देणं आहे. स्क्रीनशॉट ठेव आणि वर्गशिक्षकांना दाखव. एकटीने जमणार नसेल तर आईला घेऊन जा.

प्रश्न : मी माध्यमिक शिक्षिका आहे. आठवीत एक मुलगा आहे, तोंडी उत्तरं चोख, लिहिलं की काहीच्या काही. वर्गात सतत विदूषकपणा. मला डिस्लेक्सियाची शंका आहे पण पालक म्हणतात आमच्या मुलाला वेडा ठरवू नका. तपासणीशिवाय मी काय करू शकते? — लातूर

बाई, सर्टिफिकेट लागतं ते बोर्डाला. तुमच्या वर्गात तुम्हीच बोर्ड. उत्तरपत्रिका मार्कांच्या क्रमाने वाटू नका, त्याच्या पानावर लाल शाई कमी करा, एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा (या आठवड्यात फक्त वेलांट्या, बाकी सोडून द्या), चाचणीत दोन प्रश्न तोंडी घ्या आणि ते सगळ्या वर्गाचेच घ्या म्हणजे तो वेगळा पडणार नाही. विदूषकपणा तर अगदी समजण्यासारखा आहे, 'ढ' म्हणून हसण्यापेक्षा 'भारी विनोदी' म्हणून हसलेलं कुणालाही परवडतं. त्याला फळ्याशी उभं करून वाचायची पाळी आली नाही की विनोद आपोआप कमी होतात का ते बघा.

पालकांशी बोलताना डिस्लेक्सिया शब्द पहिल्या भेटीत काढूच नका. त्याचं तोंडी उत्तर मोबाईलवर रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन, आणि त्याच प्रश्नाचं त्याने लिहिलेलं उत्तर शेजारी ठेवा. म्हणा, हा एवढं जाणतो आणि कागदावर एवढंच येतं, मधे कुठे अडतंय ते शोधूया का? 'वेडा' हा शब्द त्यांच्या मनातून जायला तेवढं ऐकवणं पुष्कळ होतं. मग तपासणीचं बघता येईल. जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात विचारा. मुंबईच्या वाचकांसाठी सांगते, सायन, केईएम, नायर या पालिकेच्या हॉस्पिटलांत ही तपासणी होते, तिथे नंबर लागायला वेळ लागतो म्हणून आठवी-नववीतच जा.

प्रश्न : नातू आठवीत आहे, त्याला डिस्लेक्सिया आहे म्हणतात. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मी रोज संध्याकाळी त्याला वर्तमानपत्राचा अग्रलेख मोठ्याने वाचायला लावतो, चुकला की परत पहिल्यापासून. हल्ली तो माझ्या खोलीतच येत नाही. सून म्हणते तुमच्यामुळे. माझं काय चुकलं? — एक आजोबा, पुणे

आजोबा, नमस्कार. डिस्लेक्सिया हा शब्द १८८७ मधला आहे, रुडॉल्फ बर्लिन नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरांनी काढलेला, म्हणजे तुमच्या वेळीही तो होता, फक्त तुमच्या शाळेपर्यंत पोचला नव्हता. तुमच्या वर्गातली शेवटच्या बाकावरची पोरं आठवा, जी छड्या खाऊन खाऊन सातवीत शाळा सोडून गेली, त्यातला एखादा नंतर उत्तम गवंडी नाहीतर मोटार मेकॅनिक झाला असेल. त्यांच्यातल्या काहींचं हेच असणार.

तुमची तळमळ खरी आहे, त्यात वादच नाही. पण अग्रलेख! अहो, तो चांगल्या चांगल्यांना धाप लावतो, आणि परत पहिल्यापासून म्हणजे चढण चढून आलेल्याला पुन्हा पायथ्याशी सोडणं झालं. त्याचा वाचायचा सराव त्याच्या रेमेडियलच्या बाईंवर सोपवा. तुम्ही उलटं करून बघा. अग्रलेख तुम्ही वाचा, मोठ्याने, तो आडवा पडून ऐकेना का, आणि वाचून झालं की त्याला विचारा, यातलं काय पटलं नाही तुला? चुकलं-बरोबर काही म्हणू नका, वाद घाला. पहिले दोन-तीन दिवस तो येणारच नाही, तेव्हा क्रीडा पानापासून सुरू करा आणि खोलीचं दार उघडं ठेवून वाचा.